गुलाबी पासवरचं लाकूड

वनखात्यात होतो असं सांगितलं की समोरचा माणूस सरसावून बसतो आणि विचारतो, वाघ किती वेळा पाहिला? दोनदा पाहिला. एकदा तो माझ्याकडे पाठ करून जात होता, दुसऱ्यांदा मी. बाकीची नोकरी लाकडाजवळ गेली, आणि त्यातली नऊ वर्षं तर एकाच डेपोत, भंडारा जिल्ह्यात, सानगडीपासून सायकलनं तासाभरावर. या अंकाच्या संपादकबाईंनाही वाघच हवा होता. मी म्हटलं, वाघावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी जळाऊ लाकडावर लिहितो. त्यांनी मोठ्या धीरानं हो म्हटलं. वाचकांनीही तेवढाच धीर धरावा.

आमचा तो निस्तार डेपो. जंगलाला लागून असलेल्या गावांना घरच्या गरजेपुरतं लाकूड आणि बांबू सरकारी जंगलातून स्वस्तात मिळावा, ही आमच्या भागातली फार जुनी वहिवाट आहे. तिलाच निस्तार म्हणतात. जंगलात तोड झाली की सरळ, जाड, इमारतीचं लाकूड मोठ्या डेपोला जातं. तिथे लिलाव होतो, व्यापारी येतात, साहेब येतात, चहा येतो. उरलेलं वाकडंतिकडं लाकूड आमच्याकडे. ते रचून आम्ही बीट लावायचो. बीट म्हणजे जळाऊ लाकडाची मापाची रास, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि छातीला लागेल इतकी उंच. ऐकायला सोपं वाटतं. पण रचणारा हुशार असला तर आतमध्ये लाकडं अशी आडवीतिडवी घालतो की त्यातून ससा पळून जावा. बाहेरून बीट पूर्ण, आत अर्धी हवा. म्हणून मी हातात छडी घेऊन फिरायचो आणि प्रत्येक बीटात खुपसून पाहायचो. छडी फार आत गेली की बीट मोडून पुन्हा रचायला लावायचो. रचणारे मजूर माझ्या नावानं बोटं मोडत. पण माझ्या डेपोतला बीट घरी जाऊन कमी भरला असं नऊ वर्षांत कोणी म्हटलं नाही. त्याचा मला गर्व होता आणि आहे, आणि मी जे सांगणार आहे तेही त्या गर्वातूनच घडलं.

लाकूड म्हणजे लाकूड, असं शहरातल्या माणसाला वाटतं. आमच्याकडच्या बाया एक काडी हातात घेऊन सांगतात, हे ऐन आहे, हे गराडी आहे, हे धावडा. धावडा सावकाश जळतो आणि त्याचा निखारा टिकतो, म्हणून त्याला मान. बेहडा कोणी फुकट दिला तरी घरी नेणार नाही, त्यावर भूत असतं म्हणतात. मी सुरुवातीला हसायचो. नंतर बेहड्याचा अख्खा बीट दोन पावसाळे डेपोत कुजताना पाहिला आणि हसणं सोडून दिलं. लोकांना जे नको ते सरकारनं कितीही मोजून दिलं तरी नकोच असतं.

गिऱ्हाइकांतला सगळ्यात चिकित्सक माणूस म्हणजे निंबाजी. हे मूळचे पवनीकडच्या विणकरांच्या घरातले, बायकोच्या गावी येऊन राहिलेले, सत्तरीच्या घरातले. घरी एक हातमाग होता आणि त्यावर ते अजूनही थोडा कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणायचे. ते डेपोत आले की एकेक लाकूड नाकाला लावून पाहायचे. मी एकदा म्हटलं, अहो काका, जाळायचंच आहे ना, कायले वास घेता? ते म्हणाले की धूर करणारं लाकूड घरात जळलं तर कोशाचा रंग काळवंडतो, आणि काहीच जाळलं नाही तर थंडीत बोटं आखडतात, मग मागाचा धोटा हातातून सुटतो. म्हणजे त्यांना धूर न करणारी ऊब हवी होती. मी त्यांच्यासाठी वाळलेला धावडा बाजूला काढून ठेवू लागलो. नियमात असं काही नव्हतं, पण नियमात नाही म्हणून माणुसकी करूच नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता पासची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सरकारी लाकूड डेपोतून घरी न्यायचं तर सोबत पास लागतो. तो नसला तर वाटेतला नाकेदार बैलबंडी अडवतो. आमच्या डेपोत दोन रंगांचे पास होते. रोजच्या चुलीच्या लाकडाला पांढरा. आणि घरात कोणी वारलं, सरणासाठी लाकूड हवं असेल, तर गुलाबी. माझ्या आधीच्या एका वनपालानं ही पद्धत पाडली होती आणि ती फार चांगली होती. ज्याच्या घरात प्रेत पडून आहे त्या माणसाला रांगेत उभं राहायला नको, नाक्यावर चार प्रश्नांची उत्तरं द्यायला नको. गुलाबी कागद लांबून दिसला की नाकेदार फाटक उघडून बाजूला व्हायचा आणि पायातली चप्पल काढायचा. आसपासच्या दहा-बारा गावांत ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्यालाही गुलाबी पास म्हणजे काय ते कळत होतं.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतर दोन-चार वर्षांनी, एका पावसाळ्याच्या शेवटी, वरून आदेश आला. निराधारचा पगार घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात शेकण्यासाठी प्रत्येकी अर्धा बीट जळाऊ लाकूड विनामूल्य द्यावं. इथे पगार म्हणजे म्हातारपणी आधार नसलेल्यांना सरकार दरमहा देतं ती रक्कम. आमच्या लोकांनी तिला आपणहून पगार हे नाव दिलं आहे, आणि बँकेच्या दाराशी बसून त्याची वाट पाहायला सुरुवात केली की तो नोकरीइतकाच अवघड असतो. तो आदेश कोणाला सुचला मला माहीत नाही. पण ज्याला सुचला त्यानं आमच्याकडची थंडी अंगावर घेतलेली असणार. बाहेरचे लोक विदर्भ म्हटलं की ऊनच धरून चालतात. धान कापून झालं की आमच्याकडे तलावांच्या काठच्या गावांत जे हिव पडतं ते हाडात शिरतं. म्हातारी माणसं खाटेवर धानाचं तणस पसरून, त्यावर वाकळ टाकून निजतात आणि खाटेखाली गोरसी ठेवतात. गोरसी म्हणजे निखारे ठेवायचं मातीचं पसरट भांडं. ती पेटती राहिली तर माणूस सकाळी उठतो, नाहीतर नुसताच कण्हत पडून राहतो.

आदेश तीन हिवाळे चालला. मी सांगतोय तो पहिल्या हिवाळ्याचा किस्सा.

आदेश छान होता, फक्त त्यात एक ओळ होती की लाभार्थ्यानं स्वतः डेपोत हजर राहून लाकूड न्यावं. लाकूड द्यायचं ऐंशी वर्षांच्या माणसाला आणि न्यायचंही त्यानंच. अर्धा बीट म्हणजे चार-पाच क्विंटल वजन. मी आमच्या रेंजर साहेबांना विचारलं की हे लोक नेणार कसे. ते म्हणाले, आदेशात लाकूड दिलंय, बैल दिलेले नाहीत. मग दसरू बंडीवाल्याला बोलावलं. हा माणूस आमच्या डेपोचा जुना वाहतूकवाला, तोंडानं कडू आणि कामाला पक्का. त्याच्याशी ठरलं की म्हाताऱ्यांनी नुसतं येऊन अंगठा द्यायचा, बंडी तो घरोघर नेऊन खाली करणार. त्यानं चार दिवस कुरकुर केली आणि मग चार गावांत फिरला.

आणि इथे मी माझं डोकं चालवलं. पहिली गोष्ट, हातात अधिकार असताना म्हाताऱ्यांना कचरा द्यायचा नाही असं ठरवलं. फांद्या, काटक्या सगळं बाजूला काढून त्यातल्या त्यात जाड, सरळ, वाळलेले धावड्याचे ओंडके निवडले. जाड लाकूड रात्रभर पुरतं, असा माझा हिशेब. दुसरी गोष्ट, पांढऱ्या पासांची पुस्तकं संपली होती. नवी छापून यायला सरकारी मुहूर्त लागतो हे मला माहीत होतं, आणि थंडी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. कपाटात गुलाबी पासांची दोन अख्खी पुस्तकं पडून होती. मी 'अंत्यविधीकरिता' या शब्दावर पेनानं आडवी रेघ मारली, वर 'शेकण्याकरिता' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पास फाडायला सुरुवात केली. काम अडलं नाही म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. तिसरी गोष्ट मात्र माझी नव्हती. एका प्रौढ माणसाच्या सरणाला आम्ही जितकं लाकूड देत होतो तेही अर्धा बीटच होतं. हे मला रोज माहीत होतं आणि त्या दिवशी एकदाही आठवलं नाही.

वाटप सुरू झालं तसे आशीर्वादही सुरू झाले. इतके आशीर्वाद मला आधी कधी मिळाले नव्हते, नंतरही नाही. चुलीचं लाकूड नेणारा माणूस जाताना दोन शब्द पुटपुटतो, ते बहुधा चांगले नसतात. हे म्हातारे-म्हाताऱ्या माझ्या पायाशी वाकायला लागले. पार्बताबाई नावाची एक म्हातारी होती. अंगानं काटकुळी, पाठीत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नाही, एक मुलगी वरठीला दिलेली आणि जावई तिकडे पोलादाच्या कारखान्यात कामाला. तिनं अंगठा दिला, पास दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली की बाबू, पोटच्या पोरानं केलं नसतं ते तू केलं. दसरूला तिनं बजावलं की लाकूड धुळीत टाकू नको, ओसरीवर ठेव. त्या दिवशी मी बायकोला सांगितलं की नोकरीत पहिल्यांदा काहीतरी चांगलं हातून झालं.

महिनाभर त्या गावांतून जाता-येता मला ते लाकूड दिसायचं. खाली दगड लावून त्यावर नीट रचलेलं, भोवती शेणानं सारवलेलं, काही ठिकाणी हळद-कुंकू वाहिलेलं. सायकलवरून पाहून मी समजलो की माझ्या लाकडाची पूजा चालली आहे. माणूस आपल्यावर खूश असला की त्याला डोळे असून दिसत नाही.

पौषात थंडीनं कहर केला. त्याच सुमाराला रेंजर साहेबांकडे कोणीतरी तक्रार केली की म्हातारे फुकटचं लाकूड ढाब्यावर विकून राहिले. साहेबांनी मला पाहून यायला सांगितलं. मी दसरूला सोबत घेतलं, कारण कोणाच्या घरी किती उतरवलं ते त्यालाच ठाऊक होतं. पहिलं घर निंबाजींचं, त्यांनाही तो पगार होता. माग बंद होता. निंबाजी वाकळ पांघरून भिंतीला टेकून बसले होते, हात दोन्ही काखांत. गोरसीत थोडी राख, तीही गोवरीची. आणि दारापाशी माझा अर्धा बीट जसाच्या तसा, एक काडी हललेली नाही.

मी म्हटलं, काका, लाकूड तसंच आहे. विकलं तरी मी समजलो असतो, पण हे जाळलं काहून नाही? निंबाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

"सरणाचं लाकूड कोनी चुलीत घालते का बाबू?"

मी म्हटलं, कसलं सरण? ते म्हणाले की तुम्हीच तं गुलाबी पास देला. अर्धा बीट देला. असे ओंडके देले का जे चुलीत मावत नाहीत, अन फोडाची ताकद आमच्यात नाही. आम्ही समजलो, सरकारनं आमची शेवटची सोय लावून देली. मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, ते म्हणाले की सोय चांगलीच आहे, कोणाच्या दारात लाकूड मागत फिरायला नको.

दसरू दारात उभा होता. मी त्याच्याकडे वळून विचारलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, साऱ्या गावाले ठाऊक होतं. मले वाटलं तुमालेही ठाऊकच असन, तुमीच तं देऊन राहिले होते.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. आम्ही त्या दिवशी चारही गावं फिरलो. एक-दोन घरांत सुनांनी लाकूड फोडून वापरलं होतं, त्यांना पासचं काही पडलेलं नव्हतं. बाकी सगळीकडे तेच. म्हातारी माणसं थंडीत कुडकुडत होती आणि त्यांच्या शेजारी हिवाळाभर पुरेल इतकं लाकूड हळदकुंकू लावून ठेवलेलं होतं. मी समजावून सांगितलं की हे शेकायचं लाकूड आहे, पासवर मी तसं लिहिलंय. लोक ऐकून घेत होते, मान हलवत होते आणि लाकडाला हात लावत नव्हते. एकदा जे लाकूड सरणासाठी म्हणून बाजूला काढलं ते घरातल्या आगीत घालायचं नाही. घातलं तर घरात मरण येतं, अशी आमच्याकडची पक्की समजूत. त्यावर माझ्या पेनाच्या एका रेघेचा काय उपयोग?

लाकूड बदलून देणं हाच एक उपाय होता. ओंडके परत घ्यायचे, बारीक लाकूड द्यायचं आणि पांढऱ्या पासवर द्यायचं. पण डेपोतून गेलेलं लाकूड परत घ्यायची सोय आमच्या कुठल्याच नियमात नव्हती. मी रेंजर साहेबांकडे गेलो आणि माझी चूक सगळी सांगितली. त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, लेखी विचारू नका, लेखी विचारलं की मला नाही म्हणावं लागेल. मी ओळखलं. पांढऱ्या पासांची पुस्तकं शेजारच्या डेपोतून उसनी आणली. दसरू पुन्हा बंडी घेऊन निघाला, या वेळी कुरकुर न करता. पाच-सहा दिवसांत बहुतेकांचं लाकूड बदललं. निंबाजींनी नवं लाकूडही नाकाला लावून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी गोरसी पेटवली. त्यांचा माग पुन्हा सुरू झाल्याचं मला नंतर कळलं आणि बरं वाटलं.

पार्बताबाई मात्र ऐकेना. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती अंगणात उन्हाला बसली होती आणि खोकत होती. लाकूड ओसरीवर, तिच्या खाटेला लागून. मी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, मावशी, चूक माझी झाली, हे लाकूड मी घेऊन जातो आणि तुला जाळायचं दुसरं देतो. ती म्हणाली, नाही. तिनं मग नवऱ्याची गोष्ट सांगितली. तो ऐन श्रावणात गेला. नाल्याला पूर, डेपोची वाट बंद, गावात कोरडं लाकूड नाही. लोकांनी घराचं दार काढलं, छपराचे दोन वासे काढले, रॉकेल ओतलं. सरण दोनदा विझलं. बायका मसणात जात नाहीत, पण गावात गोष्ट लपत नाही, तिसऱ्या दिवशी नळावर तिनं ती ऐकली. इतकी वर्षं झाली तरी तिच्या मनातून ते गेलेलं नव्हतं. थंडी तिला दरवर्षी सोसता आली होती, तेवढं सोसलं गेलं नव्हतं.

मी म्हटलं, मावशी, तुले जेव्हा लागन तेव्हा मी सोता आणून देईन, शब्द देतो.

"अन तुही बदली झाली मंग?" ती म्हणाली.

सरकारी माणसाचा शब्द त्याच्या बदलीपर्यंतचा असतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी थोडा चिडलोही. म्हटलं, पण तुला वाटलंच कसं की सरकार तुला मरायचं लाकूड देईल? ते शेकण्यासाठीच असेल असं एकदाही मनात आलं नाही? तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, लहान मुलाला सांगावं तशी बोलली.

"जित्या मानसाले कोनी लाकूड देते का बाबू? मले वाटलं, देऊन राहिले तं मेल्यावरचंच असन."

मी उठलो. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वतःच्या नावावर पांढरा पास फाडला आणि तिच्याकडे बारीक लाकूड पाठवलं, धावड्याला हात न लावता. ते तिनं घेतलं. पण जन्मभर काटकसर केलेली बाई, ती संध्याकाळी तीन-चार काड्या जाळायची आणि बाकीचं उद्यासाठी ठेवायची. मी दोनदा जाऊन रागावलो. ती हो म्हणायची. तिचा स्वभाव बदलणं माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात फक्त कार्तिकातलं ते वाटप होतं, आणि तेव्हा मी तिला धड सांगितलं असतं, फोडलेलं लाकूड पांढऱ्या कागदावर दिलं असतं, तर तिनं ते पहिल्या दिवसापासून जाळलं असतं.

माघ लागला तेव्हा ती गेली. थंडीनं गेली असं मी म्हणणार नाही. पंच्याहत्तरी उलटलेली होती, खोकला जुना होता, आणि डॉक्टर नसताना माणूस कशानं गेलं हे ठरवायचा अधिकार वनपालाला नाही. सकाळी दसरू निरोप घेऊन आला आणि मी त्याच्याबरोबर गेलो. वरठीहून जावई मोटरसायकलवर बायकोला घेऊन आला होता. तोपर्यंत गावकऱ्यांनी ओसरीवरचं लाकूड बंडीत भरलं होतं. त्यांना डेपोत यावं लागलं नाही, कोणाच्या दारात जावं लागलं नाही, कोणतंही दार काढावं लागलं नाही.

तलावाच्या पलीकडे, मसणात, सरण रचलं. दोन-तीन महिने वाऱ्याला राहिलेला धावडा, कडकडीत वाळलेला. आग लावताच धरली. धूर जवळजवळ नव्हताच. ज्याला त्यातलं कळतं तो माणूस पाहूनच सांगेल की यापेक्षा चांगलं लाकूड मिळत नाही. जावई माझ्याजवळ आला, हात जोडले आणि म्हणाला, "बाबू, लाकडाची काईच चिंता पडली नाही. लई चांगलं लाकूड देलं तुमी आमच्या बुढीले." दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

सकाळची वेळ होती, तलावावरून वारा येत होता आणि थंडी अजून गेली नव्हती. सरण चांगलं पेटल्यावर लोक मागे सरतात, तसे मागे सरले. निंबाजी तेवढे थोडे पुढेच उभे राहिले, हात छातीशी घेऊन. आणि मीही मागे सरलो नाही. तोंडाला, छातीला आच लागत होती आणि ती बरी वाटत होती. तिच्या खाटेजवळ सारा हिवाळा पडून असलेल्या त्या लाकडाजवळ शेकत उभा राहिलेला माणूस मी होतो. हे लिहितानासुद्धा त्याची लाज वाटते.